श्वासाचं पाणी

सुकुमार गेल्याचा फोन आला तेव्हा मी साखर कारखान्यात होतो. श्रावण चालला होता, हंगामाला अजून अवकाश होता, दुरुस्तीसाठी मिलची खोलाखोली सुरू होती आणि त्या खणखणाटात पलीकडचा माणूस काय सांगतोय ते मला दोनदा विचारावं लागलं. त्याच्या कॉलेजातला एक सहकारी बोलत होता. म्हणाला, "सर गेले. हातकणंगल्याकडच्या एका बस्तीत बोलायला गेलते, बोलून खाली उतरले आणि पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. हार्ट." बस्ती म्हणजे आमच्याकडं जैनांचं मंदिर. मग त्यानं वर जोडलं, "पुण्यवान माणूस. देवाच्या पायरीवर मरण यायला नशीब लागतं."

मी फोन ठेवला. माझ्या तोंडात शिवी आली होती, ती कुणाला द्यायची ते कळेना. सुकुमार जिवंत असता तर त्या सहकाऱ्याला त्यानं तिथंच धरलं असतं. "पुण्यवान कसला, रक्तवाहिनी तुंबली म्हणून गेला," असं बजावल्याशिवाय सोडलं नसतं. मरणाला चांगलं नाव दिलेलं त्याला खपायचं नाही, आणि त्यामागं कारण होतं. ते कारण लोकांना माहीत असावं म्हणून हे लिहायला बसलोय. नाहीतर माझा आणि लिहिण्याचा संबंध लॅबच्या रिपोर्टापुरता.

आम्ही दोघं एका वर्गात बीएस्सी झालो. मी साखरेकडं गेलो, तो बायोकेमिस्ट्रीत शिरला, डॉक्टरेट घेऊन कोल्हापुरातच शिकवायला लागला. घर त्यांचं हातकणंगले तालुक्यातलं, जैन शेतकरी, घरचं गुऱ्हाळ. आई लहानपणीच गेलेली. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, अक्कानं. अक्का लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन माहेरी आली आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं बसली. ऊस पिळून उरलेली चिपाडं त्या भट्टीत सारायची, धूर खायचा आणि वर घरच्यांचं जेवणखाण बघायचं, असं तिचं अर्धं आयुष्य गेलं. त्या धुरानं म्हणा, अंगातच होता म्हणून म्हणा, तिला दमा जडला. सुकुमारला नोकरी लागल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं, तर तिला गावातून उचलून कोल्हापूरला आणलं. लग्न त्यानं केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "आमच्या अक्कापुढं कुठली बायको टिकंल, तूच सांग."

खरंच टिकली नसती. अक्काचा आवाज दाराबाहेर ऐकू यायचा. मी मराठ्याचा, मटण खाणारा, हे तिला पक्कं ठाऊक. मी उंबऱ्यात दिसलो की आतून हाक यायची, "दिन्या, खाऊन आलास व्हय? आधी तोंड धू, मग बस." तोंड धुतलं की गुळाचा कोरा चहा. त्या घरात कुणीही आलं, पोस्टमन असो नाहीतर प्राचार्य, पहिल्यांदा हातात चहा आणि मग काय काम ते. तिला धाप लागलेली असली तरी आधी चहाचं भांडं चढायचं. मी एकदा म्हटलं, अक्का, बसा की जरा, तर म्हणाली, "पावणं दारात आणि मी बसू? मेल्यावर बसनारच हाय की."

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला सुकुमारनं कुठल्याशा परदेशी नियतकालिकात श्वासाच्या तपासणीबद्दल वाचलं आणि त्याला वेडच लागलं. दम्याच्या फुप्फुसात सूज असते. त्या सुजेत आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात. जखमेवर ओतलं की फेस येतो तेच हे, फक्त अगदी कणभर. त्यानं फुप्फुस आतून पोळत राहतं. शास्त्रात याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात, सुकुमार त्याला गंज म्हणायचा. हा गंज श्वासाच्या वाफेतून बाहेर येतो. तेव्हा माणसाला नुसतं थंड नळीत श्वास सोडायला लावायचं, वाफेचं पाणी गोळा करायचं, त्यात औषध घालायचं. पाणी निळं झालं की समजायचं, आत गंज आहे. जितकं निळं तितका जास्त. रक्त नको, सुई नको, आणि मुख्य म्हणजे अॅटॅक यायच्या आधी कळायची आशा. हे मला सांगताना तो रंकाळ्याच्या कट्ट्यावर उभा राहून हातवारे करत होता आणि लोक वळून बघत होते.

मशीन परदेशी मिळायचं, त्याच्या ऐपतीबाहेरचं. मग आम्ही घरचं केलं. काचेची लांब नळी, तिच्याभोवती पत्र्याचा डबा, डब्यात बर्फ आणि मीठ. बर्फ आणायचं काम माझ्याकडं. बर्फाच्या कारखान्यातून लादी घ्यायची, गोणपाटात भुसा घालून स्कूटरवर टाकायची आणि वितळायच्या आत पोचायचं. रविवारी कधी उचगावला, कधी गडमुडशिंगीला शाळेच्या वर्गात आमचं दुकान लागायचं. फाउंड्रीत काम करणारे, गुऱ्हाळावरचे, घरात चुलीपुढं बसणाऱ्या बायका यायच्या. नाकाला चिमटा लावून पाव तास नळीत श्वास सोडायचा. एक म्हातारा म्हणाला, "सुई न्हाय, गोळी न्हाय, नुसती वाफ काढून घेतोस. वाफंची भाजी करनार हायस काय?" सुकुमार हसून हसून बेजार. आणि आलेल्या प्रत्येकाला आधी चहा. अक्काचीच शिकवण. दमेकरी माणूस एसटीनं नाहीतर पायी आलेला, त्याला घशाखाली काही न घालता नळी तोंडात धरायला कसं सांगायचं? शाळेच्या व्हरांड्यात स्टोव्हवर मोठं पातेलं उकळत असायचं, पिवळ्या कपबश्या, आणि चहा झाला की पाहुणा नळीवर. या पद्धतीत कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मीही केमिस्ट, मलाही नाही.

घरी रोज सकाळी तो अक्काचा श्वास घ्यायचा. ती बस्तीला जाऊन आली, चहा झाला, की खुर्चीवर बसायची. "माझा श्वास हाय, त्यात तू काय वाचतोस?" असं म्हणायची, पण नळी धरायची. तिचं पाणी बहुतेक निळंच यायचं. छातीच्या डॉक्टरांनी तिला पंप दिला होता, सकाळ-संध्याकाळ ओढायचा. ती कुरकुरत ओढायची.

आणि दर भाद्रपदात घरात एकच भांडण. दशलक्षण पर्व आलं की जैन समाजातली बरीच माणसं दहा दिवसांचे उपवास करतात. अन्न नाही, दिवसातून एकदा उकळून गार केलेलं पाणी, काहीजण तेही घेत नाहीत. दहा दिवस पार पडले की वाजतगाजत पारणं होतं. अक्काला हे दहा उपवास करायचे होते. तिच्या बरोबरीच्या सगळ्या बायकांचे झाले होते. "माझंच तेवढं ऱ्हायलं," असं ती माझ्यापाशीसुद्धा म्हणायची. तिनं आयुष्यात स्वतःसाठी दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. सुकुमार दरवर्षी नाही म्हणायचा, कारण उपवासात ती पंप घेणार नाही हे त्याला माहीत होतं. औषध तोंडात गेलं की उपवास मोडला, असं तिचं ठाम मत. मग दहा दिवस दोघांत अबोला.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका संध्याकाळी सुकुमार माझ्याकडं आला, चपला न काढताच आत. अक्का अष्टमीला आणि चतुर्दशीला एका दिवसाचा उपवास धरायची, त्या दिवशी पंपही नाही. त्यानं वर्षभराचे आकडे मांडून बघितले होते. म्हणाला, "उपासाच्या दिवशी रंग फिका येतोय. प्रत्येक बारीला. पंप न घेता." त्याचा चेहरा मी विसरलो नाही. आयुष्यभर श्रद्धा एका खिशात आणि विज्ञान दुसऱ्या खिशात घेऊन हिंडलेल्या माणसाला दोन्ही एकाच नळीत सापडली होती. पोटाला विसावा मिळाला की फुप्फुसातला गंज उतरतो, असं त्यानं मांडलं. त्यावर लेख लिहिला, परिषदेला पाठवला, तिकडून शाबासकी आली. आणि त्या भाद्रपदात त्यानं अक्काला हो म्हटलं.

तिनं शेजारपाजारच्या बायकांना बोलावून सांगितलं. "आमच्या सुकूनं परवानगी दिली. श्वास तपासून दिली."

छातीच्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट बजावलं होतं, उपवास करा नाहीतर करू नका, पंप बंद करायचा नाही. सुकुमारनं त्यांना आकडे दाखवले. रोज सकाळी तपासतो, निळं व्हायला लागलं की त्याच क्षणी पंप देतो, असा शब्द दिला. आणि तो शब्द त्यानं पाळला, हेच तर वाईट. रोज सकाळी नळी, बर्फ, रंगाचं औषध. रोज फिकं. दुसरा दिवस फिका, चौथा दिवस फिका. बस्तीत त्याचं कौतुक व्हायला लागलं.

पर्व संपत आलं असताना मी घरी गेलो. तेच दिवस गणपतीचे, गल्लीत मांडव, स्पीकर लावलेला, पावसाची झड, भिंती ओल्या. अक्का पलंगाच्या कडेला पुढं वाकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले. खांदे वर-खाली होत होते. मला बघून तिनं तोंड धू म्हटलं नाही. मी विचारलं, "अक्का, बरं हाय न्हवं?" तिनं एक शब्द म्हटला, थांबली, मग दुसरा. "हाय... बरं." मी सुकुमारला बाहेर घेतलं आणि म्हटलं, लेका, डॉक्टरला दाखव. त्यानं मला आत नेऊन सकाळची नळी उजेडात धरून दाखवली. पाणी जवळजवळ पांढरं. "आकडा बघ की," म्हणाला. "उपासाचा अशक्तपणा हाय त्यो. दोन दिवसांवर पारणं आलंय, आता मोडलं तर तिच्या जिवाला लागंल." बहीण शेजारच्या खोलीत धापा टाकत होती आणि हा शहाणा नळी बघत होता. मला आजही राग येतो, तो गेला तरी येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नळीत श्वास सोडला तो अर्धवटच. मग ओठ निळे पडायला लागले. सुकुमारनं पंप काढून तिच्या तोंडाशी नेला तर तिनं हातानं बाजूला सारला आणि तोंड मिटून घेतलं. रिक्षा आली. पुढं मंडळाचा मांडव आडवा, रिक्षा मागं घ्यावी लागली. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत ती गेली होती.

स्मशानातून परत आल्यावर लोक घरी बसले होते आणि हा उठून नळीचा डबा घेऊन लॅबला गेला. मी मागोमाग. त्या सकाळचं अर्धं पाणी बर्फात तसंच होतं. त्यानं त्यात औषध घातलं. आम्ही दोघं वाट बघत उभे राहिलो. पाणी फिकंच राहिलं. घुसमटून मेलेल्या बाईचा श्वास त्या नळीच्या मते निरोगी होता... सुकुमारनं नळी जागेवर ठेवली. हात धुतले आणि स्टुलावर बसून राहिला.

बाहेर वेगळंच चाललं होतं. पर्वात, उपवासात देह ठेवला, केवढं भाग्य, असं म्हणत लांबलांबून माणसं यायला लागली. त्याचा थोरला भाऊ, अण्णा, गावाकडं शेती बघायचा. अण्णानं मोठा कार्यक्रम केला. सुकुमारला लोक हात जोडायचे, तूच तिला हे पुण्य मिळवून दिलंस म्हणून. त्याला कुणी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

नंतर कितीतरी रविवार तो लॅबमध्ये चूक शोधत होता. औषध बदललं, काच बदलली, बर्फ दुसरीकडून आणायला लावला. एका रविवारी सकाळी उपाशीपोटीच आला होता. म्हणाला, माझाच श्वास घेऊन बघू. पाणी फिकं आलं. मी कँटीनमधून चहा मागवला, गूळ घातलेला कोरा, त्याला तसाच लागायचा. चहा प्याला, आणि सहज पुन्हा नळी तोंडात धरली. या वेळी पाणी निळं झालं. चांगलं गर्द निळं. आम्ही एकमेकांकडं बघितलं. मग माझा श्वास घेतला, आधी चहाशिवाय, मग चहानंतर. तेच. चहातल्या रंगद्रव्यांतून तोंडातच पेरॉक्साइड तयार होतं. आम्ही चार वर्षं गावोगाव लोकांच्या फुप्फुसातला गंज म्हणून चहाच मोजत होतो. आणि अक्काच्या उपासाच्या सकाळी चहा नव्हता, म्हणून नळी फिकी.

"दिन्या," तो म्हणाला, "तिला दम लागत हुता ते दिसत हुतं रे मला. डोळ्यांनी दिसत हुतं. मी नळीला इचारलं, तिला न्हाय इचारलं." मग तो रडला. मोठ्यानं, दार उघडं होतं तरी.

लेख त्यानं मागं घेतला. परिषदेत उभा राहून चूक सांगितली, बहिणीच्या मरणासकट. एकदोघांनी म्हणे नंतर सुचवलं की एवढं घरचं सांगायची गरज नव्हती. तपासण्या मात्र त्यानं सोडल्या नाहीत. रात्रीपासून चूळ भरण्यापलीकडं तोंडात काही गेलेलं नाही अशा माणसांचे श्वास घेऊन सगळं पहिल्यापासून केलं. आजारी-निरोगी यांत फरक दिसायचा, पण थोडा, आणि एकाच माणसाचा आज-उद्याचा आकडासुद्धा सरकायचा. विद्यार्थ्यांना सांगायचा, हे हजार माणसांचं सांगेल, समोरच्या एकाचं सांगणार नाही, त्याच्यासाठी कान लावा. हे तो अगदी कोरड्या आवाजात सांगायचा.

आणि दरवर्षी पर्वाच्या आधी तो गावोगावच्या बस्त्यांत जायला लागला. उपवास करा, माझी ना नाही, पण दमेकऱ्यांनी पंप बंद करू नका, माझी बहीण त्यानंच गेली, मी बंद करू दिला. एवढंच बोलायचा. बरीच जाणती माणसं, घरदार सोडलेली त्यागी मंडळीसुद्धा, त्याच्या बाजूनं बोलली. पण बाकीच्यांना ते कडू लागायचं. एका म्हाताऱ्यानं भर सभेत विचारलं, "व्रतात गेलेल्या बाईला तू चुकीनं मेली म्हनतोस? सख्ख्या बहिणीचं पुण्य काढून घेतोस?" अण्णानं तर घरी येणंजाणं कमी केलं. त्याचं म्हणणं सोपं होतं. झालं ते झालं, तिच्या नावाला आता तरी डाग लावू नको. सुकुमार म्हणायचा, डाग माझ्या नावाला आहे, तिच्या नाही. दोघं भाऊ यावर कधी एक झाले नाहीत आणि हातकणंगल्याकडच्या त्या बस्तीत याच बोलण्याला तो गेला होता.

या भाद्रपदात मी अण्णाकडं गेलो. पाऊस थांबला होता, सोप्यात दोन खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीवर अक्काचा फोटो दिसला. हा फोटो कोल्हापूरच्या घरात असायचा. अण्णानंच करून घेतलेला, खाली सोनेरी अक्षरांत "पर्वकाळी व्रतस्थ असताना देह ठेवला" असं. सुकुमारनं त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवून स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "दम्यानं गेली. औषध बंद केलं होतं." येणाऱ्याजाणाऱ्याला ते वाचावं लागायचं. आता पट्टी काढलेली होती. काचेवर डिंकाचा पिवळा डाग तेवढा राहिला होता. शेजारी सुकुमारचा नवा फोटो, त्याच्याखाली "जिनचरणी लीन".

मी अण्णाला विचारलं, "पट्टी का काढलीसा?"

अण्णांचं वय झालंय आता. म्हणाले, "दोघंबी गेली. आता कुनाला शिक्षा करायची हाय? तिला पायजे ते मिळालं असं समजू दे की मला. मीबी भाऊच हाय तिचा."

त्या म्हाताऱ्याशी काय भांडायचं...

तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला. अण्णांची थोरली सून. तिला दमा आहे हे सुकुमारच्या बोलण्यात मी ऐकलं होतं. यंदा तिनं दहा उपवास धरले होते, तो दिवस चौथा-पाचवा असावा. ती दारापर्यंत आली, चौकटीला टेकून उभी राहिली. श्वास घेताना गळ्याशी खड्डा पडत होता. तिनं माझ्याकडं बघितलं, पण विचारलं नाही काहीच. घरात सासरे बसलेले. मीच म्हणालो, "पंप घ्या, ताई. सुकुमारनं सांगितलेलं तेच सांगतोय. आत्ता घ्या."

ती अण्णांकडं बघत राहिली. अण्णा भिंतीकडं बघत होते, कुठल्या फोटोकडं ते मला सांगता येणार नाही. हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. ती आत वळली. स्वयंपाकघरात डबा उघडल्याचा आवाज आला आणि मग थोडा वेळ काहीच नाही.

मग फुस्. आणि पुन्हा एकदा, फुस्.

अण्णांनी तो आवाज ऐकला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, त्यांनी ऐकला. आणि ते एकदम मोठ्या आवाजात, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, मला यंदाच्या उसाबद्दल विचारायला लागले.